पाळीचा अनुमोदक

तिसऱ्या प्रश्नातली वाक्यं माझी होती.

आधी लक्षात आलं नाही. प्रश्नपत्रिका जांभळ्या शाईत काढलेली, अक्षरं पसरलेली, कागद अजून दमट. लोणावळ्यातल्या एका शाळेचा हॉल, सकाळचे अकरा, आणि मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलेले आम्ही बत्तीस जण. कुणी लोकल बोर्डाचे कारकून, कुणी माझ्यासारखे ग्रामपंचायतीचे चिटणीस. निवडून आलेल्या सभासदांना साहाय्य कसं करावं हे शिकवणारा तीन आठवड्यांचा वर्ग कालपरवा संपला होता आणि आज त्याची परीक्षा होती. पहिला प्रश्न सोपा होता, सभेची नोटीस किती दिवस आधी काढावी. दुसरा त्याहून सोपा. मग हा.

प्रश्न ३. खाली एका ग्रामपंचायतीच्या सभेचे इतिवृत्त दिले आहे. आदर्श इतिवृत्त म्हणून त्याच्या चांगल्या बाजू सांगा. (मार्क वीस)

ठराव ५. 'उंबराचे पाणी' या झऱ्याचे पाणी नळाने खालील बंगल्यांकडे नेण्यास पंचायतीची हरकत नाही. वरील वाडीच्या रहिवाशांस कोणतीही गैरसोय पोचणार नाही. सूचक: श्री. अ. अनुमोदक: श्री. ब. ठराव सर्वानुमते मंजूर.

'गैरसोय पोचणार नाही' असं कुणी लिहीत नाही. मी लिहितो. हात थांबला. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला, तो मी बघत राहिलो आणि तो पडला. मला राग आला आहे हे कळायला वेळ लागला, कारण गेल्या सहा वर्षांच्या नोकरीत मला राग आलेला नव्हता. चिटणीसाला राग येत नाही. चिटणीस लिहितो.

उत्तर ३. सदर इतिवृत्ताची पहिली चांगली बाजू अशी की ते थोडक्यात

थोडक्यात आहे. होय. सावळा पाव तास बोलला होता, ते थोडक्यात 'सर्वानुमते' झालं. श्री. ब. म्हणजे सावळा. आमच्या गावाच्या वर, मळवलीपासून दीड तासाच्या चढावर, ठाकरवाडी आहे. तीस-बत्तीस उंबरे. तिथून निवडून आलेला तो एकटा सभासद. 'श्री.' त्याला माझ्या वहीत. तोंडावर मी त्याला अरे सावळा म्हणतो, आमच्या गावात वाडीच्या माणसाला असंच हाक मारतात, तो माझ्या बापाच्या वयाचा आहे आणि मला भाऊ म्हणतो. हौशीराम भाऊ. रावसाहेब गुप्ते, हा वर्ग चालवणारे पेन्शनीतले अधिकारी, सभ्य माणूस आहेत. त्यांनी प्रश्नपत्रिकेत माणसांची नावं झाकली. झऱ्याचं नाव तसंच राहू दिलं, कारण झऱ्याला काय वाटणार. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाकडून तीन-तीन इतिवृत्तांच्या नकला मागून घेतल्या होत्या. माझ्या नकला वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले होते, "केदारी, मूळ वहीतही एक खाडाखोड नाही म्हणता? वा. हे शिकवून येत नाही." मी मान खाली घातली होती. मला आनंद झाला होता, हे आता सांगताना दात आवळले जातात. आनंद झाला होता.

खाडाखोड नव्हती कारण सभा गुरुवारी होती आणि इतिवृत्त मी बुधवारी लिहिलं होतं.

त्यात नवल नाही. दर महिन्याला असंच होतं. बुधवारी संध्याकाळी सरपंच अंबाजी आबांच्या ओट्यावर जायचं, आबा सुपारी कातरत सांगतात उद्या काय ठरायचं ते, मी घरी येऊन वळणदार अक्षरात ते ठरवून टाकतो. गुरुवारी सभासद येतात, चहा होतो, आबा बोलतात, बाकीचे माना हलवतात, मग मी वही फिरवतो आणि ज्याला येतं तो सही करतो, न येणारा अंगठा देतो. सूचक बहुधा भिमाजी, आबांचा चुलतभाऊ. ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला पाठिंबा द्यायला एक अनुमोदक. मी नोकरीला लागलो तेव्हा अनुमोदकही कायम आबांचाच व्याही असायचा. ते मला पटलं नव्हतं. सात सभासद आणि नावं दोनच दिसतात, बाकीच्या पाचांनी काय पाप केलं? म्हणून मी पाळी लावली. वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी डकवली, सातही नावं एकाखाली एक, ज्याची पाळी त्याचं नाव अनुमोदक म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच. आबा हसले, म्हणाले, "लय न्यायाचा हायेस रं तू." आणि सावळाचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा उमटलं ते या पाळीमुळे, पाणंदीवर मुरूम टाकण्याच्या ठरावाखाली. मी त्याला ते बोटानं दाखवलं होतं. त्यानं त्या जागेवरून हळूच बोट फिरवलं होतं, शाई ओली असेल अशा बेतानं.

या खेपेला पाळी त्याची आली. उंबराच्या पाण्यावर. त्याच्याच वाडीच्या पाण्यावर. पाळी एक घर खाली सरकवली असती तर? त्या बुधवारी ते सुचलं नाही.

खोटं. सुचलं होतं. टाक शाईत बुडवून मी बराच वेळ बसलो होतो, आणि मग मनाशी म्हटलं होतं की पाळी म्हणजे पाळी, एकदा मोडली की तिला अर्थ राहत नाही.

उत्तर ३. सदर इतिवृत्ताची पहिली चांगली बाजू अशी की ते थोडक्यात आहे. दुसरी, त्यात कोणाही सभासदाची वैयक्तिक मते

शेजारच्या बाकावर गोगटे भराभर लिहीत होता. तळेगावकडचा, बोर्डातला जुना कारकून, जीभ सैल. पहिल्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीत मी त्याला विचारलं होतं की तुमच्याकडे इतिवृत्त केव्हा लिहितात. तो ठसका लागेपर्यंत हसला. "अहो केदारी, लग्नाच्या आधी लग्नपत्रिका छापतात की नंतर?" सगळे हसले, मीही. मग दुपारी रावसाहेबांचं व्याख्यान होतं, विषय: अशिक्षित सभासद व चिटणीस. त्यांचा आवाज मऊ आहे, त्यांना खेड्यातल्या माणसांबद्दल खरोखर माया आहे, आणि तीच मला आता सहन होत नाही. "नवे सभासद बावरलेले असतात," ते म्हणाले. "त्यांना नियम ठाऊक नसतात, शब्द सुचत नाहीत. चिटणीसानं त्यांच्या मनातलं ओळखावं. त्यांच्या तोंडी योग्य शब्द घालावेत. ते येतील आणि जातील, वही राहील." आम्ही उतरून घेतलं. माझ्या वहीत ते आहे, खाली दोन रेघा मारून. तोंडी शब्द घालावेत. मी घातले, रावसाहेब. तुम्ही शिकवायच्या आधीच घातले.

सावळाला मीही शिकवलं होतं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. निवडून आल्यावर चार दिवसांनी तो कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, मेंबर म्हंजी काय कराया लागतंय?" मी म्हटलं, आत ये, बस. तो खाली बसायला लागला. मी म्हटलं, खाली नको, बाकावर. तो बाकाच्या कडेला टेकला. मी त्याला सांगितलं की मधेच बोलायचं नाही. बोलायचं असलं तर हात वर करायचा. सरपंच तुझ्याकडे बघून बोल म्हणाले की उठायचं, बोलायचं, बसायचं. "आन न्हाई बघितलं तर?" "तर हात खाली घ्यायचा नाही. बघेपर्यंत धरायचा." त्यानं ते पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं. आठ दिवसांनी त्याची बायको बायडाबाई बाजाराला जाताना कचेरीवरून गेली, दारातूनच ओरडली, "भाऊ, तुमी आमच्या मालकाला काय येड लावलं? घरात भाकर मागाया बी हात वर करतोय!" त्या दिवशी मी घरी आईलाही ते सांगितलं, आम्ही दोघं हसलो, चांगलं हसू होतं ते.

आणि मग तो गुरुवार. ठराव पाचवा. आबांनी वाचायला सुरुवात केली आणि सावळाचा हात वर गेला. आबांनी बघितलं नाही. भिमाजी बोलला, बंगलेवाल्या शेटांनी देवळाला फरशी द्यायचं कबूल केलंय वगैरे. हात वर. कुणी शेटांच्या मोटारीबद्दल विचारलं, ती किती माणसं घेते, त्यावर बोलणं गेलं. हात वर. मी मान खाली घालून आधीच लिहिलेल्या ओळींवरून कोरडा टाक फिरवत होतो, लिहितोय असं दिसावं म्हणून. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तो हात दिसत होता, मग दुसऱ्या हातानं कोपराखाली दिलेला टेकू दिसला. शेवटी आबांनी बघितलं. "काय सावळा, काखंत गळू झालं का काय?" सगळे हसले. सावळाही थोडा हसला, मग उठला, आणि बोलला. शब्द सुचत नाहीत म्हणे. चैतात झरा करंगळीएवढा होतो, तो म्हणाला. बाया पहाटंपासून नंबर लावतात, एक हंडा भरेपर्यंत घरच्या सगळ्या भाकरी भाजून होतात. नळ लावला की खालच्या बंगल्यात झाडं पिणार आणि आमची पोरं व्हळातलं गढूळ पिणार. "पानी आमी देनार न्हाई. माझं न्हाई हाय. वाडीचं न्हाई हाय." आणि बसला. नियमाप्रमाणं. पाव तास, एकही शब्द वावगा नाही. आबा म्हणाले, "बरं बरं, आयकलं," आणि मला खूण केली. मी वही फिरवली. सावळापाशी आल्यावर त्यानं विचारलं, "ह्ये कशाचं?" आणि मी म्हटलं,

मी म्हटलं, "हजेरीचा अंगठा."

दोन शब्द. त्यात पहिला तर खराही होता, अंगठा हजेरीलाही चालतोच. मी त्याचा अंगठा धरला, शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. त्याचा अंगठा जाड, भेगा पडलेला, थंड होता. हे सगळं हॉलमध्ये बसून आठवत असताना रावसाहेब बाकांच्या मधून फिरत होते, त्यांच्या वहाणा कुरकुरत होत्या. बाहेर घाटातून वर आलेल्या गाडीला मागून रेटणारं इंजिन सुटलं आणि शिट्टी देऊन माघारी गेलं. मला वाटलं, उठावं आणि हा बाक उलटा करावा. कुणावर? रावसाहेबांवर नाही, त्यांना काय माहीत. आबांवर? आबांनी काहीच लपवलं नव्हतं, आबा जे करतात ते ओट्यावर बसून सगळ्यांदेखत करतात. लपवलं ते सुंदर अक्षरानं. या वर्गात आम्ही बत्तीस जण होतो आणि प्रत्येकाचं अक्षर सुंदर होतं.

उत्तर ३. सदर इतिवृत्ताची पहिली चांगली बाजू अशी की

काल सावळा आला होता. काल रविवार, लोणावळ्याचा बाजार, मला वाटलं बाजाराला आला असेल. पण त्याच्याजवळ ना टोपली ना गाठोडं. शाळेच्या फाटकाशी भर उन्हात उकिडवा बसला होता, मला बघून उठला.

"भाऊ, येक इचारू?"

"विचार की."

"त्या दिशी मी व्हय म्हनलो व्हतो का?"

त्याला वाटलं मला समजलं नाही. "पान्याचं," तो म्हणाला. "नळवाल्यांचा मुकादम आला वाडीवर. चुन्याचं पट्टं वढलं पार झऱ्यापातुर. आमी आडवं झालो, तर त्यो म्हनतो, तुमचाच मेंबर हाय की कागदावर, त्यानंच तर अनुमोदन दिलंय. म्यां म्हनलं, मी तर न्हाई म्हनलो. त्यो म्हनला, मंग काय कागूद खोटं बोलंल?" तो थांबला. डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "वाडी म्हनती, म्यां पानी इकलं. गंगी, माझी पुतनी, मी तिचं लगीन लावून दिलं, तिनं माझ्या दारात रिकामा हंडा आनून पालथा घातला. तोंडानं बोलली न्हाई. बायडाला झऱ्यावर नंबरात कुनी घेईना. बसती आपली कडंला, समद्यांचं झाल्यावर भरती."

"मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"म्हनलं, इचारून येतो. तुमी लिवलंय म्हंजी म्हनलो बी आसंन. वय झालं, ध्यान ऱ्हात न्हाई. पर मला तर न्हाई म्हनल्यालंच आठवतंय, भाऊ. वाटंनं येतानी लय येळ आठवून बघितलं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघतो मी. उद्या परीक्षा आहे, तेवढी होऊ दे. गुरुवारी सभा आहेच." गुरुवारी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून मंजूर होणार, मग ते तालुक्याच्या कचेरीत जाणार, आणि मग ते ब्रह्मदेवालाही फिरवता येणार नाही. हे मला माहीत, त्याला नाही.

"परीक्षा कशाची म्हनं?"

"सभासदांना मदत कशी करायची त्याची."

"मंग चांगलंय," तो म्हणाला, खरंच बरं वाटल्यासारखा. "पास व्हा." आणि निघून गेला, उन्हातून, बाजाराकडे नव्हे, सरळ मळवलीच्या वाटेला.

त्यानं माझ्या तोंडावर थुंकायला हवं होतं. त्यानं मला बाजारात बखोटीला धरून फिरवायला हवं होतं. मी त्याच्या आठवणीतच हात घातला होता, त्याला स्वतःचं बोलणं स्वतःला खरं वाटेना, आणि तो मला पास व्हा म्हणून गेला. रात्रभर, असं म्हणतात माणसं, रात्रभर झोप लागली नाही. मला लागली. चांगली लागली. सकाळी उठून मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि दोन टाक घेऊन परीक्षेला आलो. सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी पक्की, नाहीतर आबांचा भाचा व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन माझ्या खुर्चीकडे बघत बसलाच आहे. घरी आई आहे, झुंबरबाई, तिनं वर्गाला येताना माझ्या पिशवीत नारळ घातला होता. हे सगळं मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं. प्रश्न तिसरा वाचेपर्यंत.

उत्तर ३. या इतिवृत्ताला चांगली बाजू नाही. ते सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेले आहे. अनुमोदकाचे नाव पाळीने घातलेले आहे. श्री. ब. यांचे नाव सावळा. त्यांनी या ठरावास उभे राहून विरोध केला. त्यांचा अंगठा हजेरीचा म्हणून घेतला. घेणारा मी.

लिहिताना अक्षर बिघडलं. रेघेवरून घसरलं, 'विरोध' खोडून पुन्हा लिहिला, काय झालं कुणास ठाऊक, पहिल्याच वेळी तो बरोबर होता. बाकाशी वहाणा थांबल्या. रावसाहेब वाकून वाचत होते. त्यांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. त्यांनी सगळं वाचलं, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मी वाट बघत होतो. ते ओरडतील. ते मला उभं करतील. उभं करायला हवं होतं.

"केदारी," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, "प्रश्न नीट वाचा. चांगल्या बाजू विचारल्यात. दोष विचारलेले नाहीत."

"साहेब, हे माझंच इतिवृत्त आहे."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर निवडलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दमला आहात. घरचं काही असेल. हे पान बाजूला ठेवा. पंचवीस मिनिटं आहेत अजून, नवा कागद देतो." आणि खरंच दिला. कोरा, जाड, कचेरीचा चांगला कागद. मग किंचित थांबून, "असं सगळीकडेच होतं हो. म्हणून तर अक्षर महत्त्वाचं," असं म्हणून पुढच्या बाकाकडे गेले.

तो कागद मी घेतला. त्यांचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटत होता आणि मला तो खांदा कापून टाकावासा वाटत होता. मी त्या कागदावर लिहिलं, पण उत्तर नाही. तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज लिहिला, सावळाच्या वतीनं: अमुक तारखेच्या सभेत मी ठराव पाचला विरोध केला असता माझे नाव अनुमोदक म्हणून दाखल झाले आहे, तरी सदर इतिवृत्त मंजूर होऊ नये. खाली माझा जबाब जोडला, स्वतःच्या नावानिशी. सगळं नियमाप्रमाणं, समास सोडून. घडी करून खिशात घातलं, उत्तरपत्रिका बाकावर तशीच उघडी ठेवली, आणि बाहेर पडलो. गोगटेनं मान वर करून भुवई उडवली. त्याला वाटलं, सगळं लिहून झालं.

मळवलीकडे जाणाऱ्या गाडीला सव्वा तास होता. स्टेशनवर बसलो असतो तर परत हॉलमध्ये गेलो असतो, ते मला माहीत होतं, म्हणून चालत निघालो. रुळांच्या बाजूची वाट, उजवीकडे लोहगड, विसापूर, डोंगर पिवळे पडलेले. खाचरांत राब भाजत होते, पालापाचोळा आणि शेण पसरून त्यावर माती, खालून धुमसणारा विस्तव, आणि धूर जमिनीला चिकटून सरकत होता. बंगले दिसत होते, झाडांत लपलेले, लाल कौलं. भुशीचं तळंही म्हणे रेल्वेनं इंजिनांना पाणी पाजायला बांधलं. तेव्हाही कुणीतरी वहीत लिहिलं असेल, कुणास गैरसोय पोचणार नाही. मी मोठ्यानं शिव्या देत चाललो होतो. वाटेत कोंडाजी गुराखी भेटला, त्यानं विचारलं, "कुनाशी भांडताय, चिटणीस?" मी म्हटलं, "वाट सोड." त्यानं गुरं बाजूला घेतली. माझ्या मनात एक चित्र तयार होत होतं, आणि ते चित्र माझे पाय उचलत होतं: मी वाडीवर पोचतो, कागद काढतो, वाचतो, सावळाचे डोळे भरून येतात, तो अंगठा देतो. हे चित्र इतकं गोड होतं की मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सावळा दारात कुडाची काठी तासत होता. बायडाबाई आतून आली, मला बघून पदर घेतला, पाणी विचारलं नाही. वाडीवर गेलो आणि पाणी विचारलं नाही असं कधी झालं नव्हतं. मी उभ्यानंच कागद काढला आणि वाचला. शेवटपर्यंत वाचला. सावळानं काठी खाली ठेवली.

"म्हंजी मी न्हाई म्हनलो व्हतो."

"होय. नाहीच म्हणाला होतास."

"मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला. बायकोकडे वळून, "आयकलंस? मला भरम न्हाई झाला." मी खिशातून शाईची डबी काढली, उघडली, त्याच्यासमोर धरली.

"इथं दे अंगठा. उद्या मी स्वतः वडगावला, तालुक्याच्या कचेरीत नेऊन देतो."

त्यानं डबीकडे बघितलं. हात मांडीवरच राहिला. "न्हाई, भाऊ."

"न्हाई काय? अरे हा तुझ्या बाजूचा कागद आहे. मी वाचला ना आत्ता?"

"वाचला. पर तुमी वाचलं त्येच त्यात हाय, ह्ये मला कसं उमगावं?"

"मी सांगतोय ना!"

"त्या दिशी बी तुमीच सांगितलं व्हतं." तो रागावला नव्हता. "अंगठा आता कुटं बी देनार न्हाई मी."

मला त्याचा राग आला. खोटं कशाला बोलू. परीक्षा टाकून आलो, नोकरी जवळजवळ गेली, आठ-नऊ मैल उन्हात चाललो, आणि हा अडाणी माणूस स्वतःचं पाणी वाचवायला एक अंगठा देत नाही. "अरे अंगठ्याशिवाय अर्ज कोण घेणार? पाणी जाईल तुमचं, कळतंय का?" मी ओरडलो. माझा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली. गंगी आली, कडेवर पोर, कपाळावर आठ्या. सावळा उठून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं.

"मंग तुझं नाव घाल. तुझा अंगठा लाव. आन त्याच्या आदुगर ह्यास्नी सांग. कागूद नगं. तोंडानं. मी काय म्हनलो व्हतो आन तू काय लिवलंस."

"गुरुवारी सभेत सांगीन की."

"तितं बी सांग. आदुगर हितं."

माणसं जमली. राब भाजून परतलेल्या बाया, राखेचे हात, म्हातारे, सगळे. मी सहा वर्षं सभांना बसलो आहे, मी सभेत कधी बोललो नाही. कागद उघडायला लागलो, सावळानं तो माझ्या हातातून काढून घेतला, नीट घडी केली आणि माझ्याच खिशात घातला. समोर पन्नासेक तोंडं. मी म्हटलं, "त्या सभेत जरा घोटाळा झाला. कागदावर चुकून—"

"चुकून?" गंगी म्हणाली. "कुनी लिवलं?"

"मी."

"सावळातात्यानं व्हय म्हनल्यावर?"

"नाही. तो काही बोलायच्या आदल्या दिवशीच. तो सभेत नाही म्हणाला. उभा राहून म्हणाला. आणि मी त्याचा अंगठा खोटं सांगून घेतला."

एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, काय म्हनतोय त्यो? गंगीनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खालच्या घरांकडे बघितलं, तिथं उतारावर अजून काही माणसं उभी होती, कानामागे हात धरून.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "खालच्या घरांस्नी आयकू येत न्हाई."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.